पातळ धातूचा लॅपटॉप वाकला? आधी शोधा, जोर आतून आहे की बाहेरून

मागच्या मे महिन्यात माझी मावसबहीण नागपूरहून सुट्टीला आली ती तक्रार घेऊनच. "ताई, माझा लॅपटॉप वाकलाय गं. टेबलावर ठेवला की टकटक वाजतो." चार वर्षं वापरलेला, चंदेरी अ‍ॅल्युमिनियमचा, हातात घेतला तर वहीएवढाच वाटणारा. त्यांच्या गल्लीतल्या दुकानदाराने तिला सांगितलं होतं, पातळ पत्रा आहे, नागपूरच्या उन्हात असं व्हायचंच. मग तिने तीन रात्री त्यावर दोन जाडजूड शब्दकोश ठेवून तो दाबून पाहिला. सकाळी जरा सपाट वाटायचा, दुपारपर्यंत पुन्हा तसाच.

मी ट्रॅकपॅडवर बोट दाबलं. तो टिक करून खाली गेलाच नाही, खालून कुणीतरी हात लावून धरल्यासारखा घट्ट होता. पुढच्या कडेला तळाचा पत्रा आणि वरचा भाग यांच्यात नख जाईल एवढी फट पडली होती. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने शेवटचा स्क्रू सैल केला आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा तळाचा पत्रा आपणहून वर आला. आत बॅटरीची तीन काळी पाकिटं. कडेची दोन चपटी, मधलं टम्म फुगलेलं. शब्दकोशांचं वजन तीन रात्री त्याच पाकिटावर पडत होतं. ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

लॅपटॉप वाकलाय असं पहिल्यांदाच लक्षात आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा: धातू स्वतःहून वाकत नाही, त्याला कुणीतरी ढकलावं लागतं. ढकलणारे दोनच. आतून बॅटरी, नाहीतर बाहेरून ओझं, धक्का किंवा पिळा. पुढे काय करायचं ते सगळं या एका उत्तरावर ठरतं.

उन्हाने पत्रा वाकतो ही समजूत इतकी पसरली आहे की तिचा हिशेब करून टाकू. अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० अंश सेल्सिअसला. ३० सेंटीमीटर लांबीचा पत्रा ३० अंशांनी तापला तर साधारण ०.२ मिलिमीटर लांब होतो आणि थंड झाला की पूर्ववत होतो. लॅपटॉपच्या आतल्या ऊबेने किंवा मे महिन्याच्या उन्हाने तो कायमचा वाकत नाही. उन्हाने बिघडते ती बॅटरी, आणि बॅटरी मग पत्र्याला वाकवते. पातळपणाचा दोष मात्र खरा आहे. पत्र्याची जाडी निम्मी केली की वाकण्याला होणारा त्याचा विरोध निम्मा होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे जुन्या जाडजूड लॅपटॉपमध्ये फुगलेली बॅटरी कधी कधी दिसायचीही नाही, पातळ लॅपटॉपमध्ये ती लगेच बाहेर उमटते.

पायरी १: चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा

झाकण मिटून झोपवायचा नाही, शट डाउन करायचा. मग अर्धा तास तसाच राहू द्या. गरम लॅपटॉपवर घेतलेलं मोजमाप फसवतं. शिवाय बॅटरी फुगलेली असेल तर तिला चार्ज करत राहणं हीच सगळ्यात मोठी चूक ठरते.

पायरी २: ओट्यावर ठेवून पाहा

लाकडी टेबल सपाट दिसतं, पण क्वचितच असतं. घरातली खात्रीची सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा किंवा जाड काचेचा टीपॉय. पुसून कोरडा करा, लॅपटॉप मिटलेला ठेवा आणि एकेका कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाबा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीने डुलत असेल तर तो पिळलेला आहे, किंवा पोटात फुगलेला आहे.

घाबरण्याआधी तळाचे रबरी पाय बघून घ्या. पोळपाटाला तीन पाय असतात म्हणून तो कुठेही ठेवला तरी डुलत नाही. लॅपटॉपला बहुतेक वेळा चार असतात, त्यातला एक झिजला किंवा निघून पडला की पत्रा धडधाकट असूनही टकटक सुरू होते. लॅपटॉप अर्धा फिरवून ओट्याच्या दुसऱ्या भागावरही ठेवून पाहा. प्रत्येक वेळी लॅपटॉपचा तोच कोपरा अधांतरी राहिला तर दोष लॅपटॉपचा, ओट्याचा नाही.

आता फट मोजायची. झेरॉक्सचा साधा ७५ किंवा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. अधांतरी पायाखाली एकेक कागद सरकवत जा आणि डुलणं थांबेल तेव्हा किती झाले ते मोजा. तुलनेसाठी एक आकडा लक्षात असू द्या. २०१८ चे आयपॅड प्रो नवेकोरे असतानाच किंचित वाकलेले असल्याची ओरड झाली, तेव्हा अ‍ॅपलने सांगितलं होतं की कोणत्याही एका बाजूच्या पूर्ण लांबीत सपाटपणात ४०० मायक्रॉनपर्यंतचा (०.४ मिलिमीटर) फरक आम्ही चालवून घेतो. म्हणजे आपले चार कागद. तो आकडा टॅबलेटचा आहे, लॅपटॉपला जसाच्या तसा लागू नाही, पण दुकानातून आणलेली धातूची वस्तूही आरशासारखी सपाट नसते एवढं त्यावरून कळतं. दोन-तीन कागदांची फट असेल आणि ती महिनोन्‌महिने तेवढीच राहत असेल तर मी चिंता करत नाही. गेल्या महिन्यात दोन कागद होते आणि आज सहा लागतात, तर मग आतलं काहीतरी वाढतं आहे. म्हणून तारीख लिहा, फोटो काढा.

पायरी ३: स्टीलची फूटपट्टी उभी धरा

लॅपटॉप मऊ पंचावर उपडा ठेवा, वरून दाबू नका. फूटपट्टी कडेवर उभी करून तळाच्या पत्र्यावर आडवी टेकवा आणि पलीकडून मोबाइलचा टॉर्च लावा. तीन जागी बघा: बिजागरीजवळ, मधोमध आणि पुढच्या कडेजवळ.

मध्ये पट्टी टेकते आणि दोन्ही टोकांखालून उजेड येतो, तर पत्रा मध्ये फुगला आहे. हा आतला जोर. टोकं टेकतात आणि मधून उजेड येतो, किंवा एकाच कोपऱ्याकडे पत्रा खाली गेलाय, तिथे खोक आहे, कड चेपली आहे, तर तो बहुधा बाहेरचा मार. रबरी पाय पट्टीच्या वाटेत येऊ देऊ नका, नाहीतर सगळं उलटं दिसेल.

झाकण वेगळं तपासा. झाकणात बॅटरी नसते, त्यामुळे फक्त झाकण वाकलं असेल तर दोष दप्तराचा, बिजागरीचा किंवा उघडण्याच्या सवयीचा. मात्र झाकण सरळ असूनही मिटल्यावर पुढे फट राहत असेल तर खालचा भाग वर आला आहे का ते बघा.

पायरी ४: बॅटरीची लक्षणं जुळवून पाहा

बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी पुढच्या भागात, मनगटं टेकवतो तिथे आणि ट्रॅकपॅडच्या खाली असते. म्हणून पहिली बातमी ट्रॅकपॅड देतो. तो घट्ट होतो, मध्येच आपणहून क्लिक होतो, नाहीतर त्याची एक कड बोटाला जाणवेल इतकी वर येते. मग कीबोर्डच्या मधल्या कळा उंच वाटतात. मग तळाच्या पत्र्याची शिवण उलते. काही वेळा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर, उग्र वास येतो. तो वास म्हणजे पाकीट कुठेतरी फुटलं आहे. तसा वास आला तर तपासणी तिथेच थांबवा आणि थेट पाचव्या पायरीवर या.

असं का होतं? आजकालच्या पातळ लॅपटॉपमधल्या लिथियम बॅटऱ्या कडक डब्यात नसून मऊ पाकिटात असतात. वय, उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेलं राहणं या तिन्हींमुळे आतला द्रव हळूहळू विघटित होतो, त्यातून वायू तयार होतो, आणि बंद पाकिटातून त्याला बाहेर जायला वाट नसते. चोवीस तास चार्जरला लावलेला, गादीवर ठेवून वापरलेला लॅपटॉप यातल्या शेवटच्या दोन्ही अटी एकदम पूर्ण करतो.

सॉफ्टवेअर बॅटरीची तब्येत दाखवतं, पण फुगवटा दाखवत नाही. शंका येण्याआधी, सगळं ठीक असतानाच, ती एकदा पाहून ठेवावी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजीत ‘पॉवर’ या शब्दाला जोडूनच सी-एफ-जी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा जोडशब्द टाइप करा. एक फाइल तयार होते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी मिळते. मॅकवर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘पॉवर’खाली सायकल (एक सायकल म्हणजे पूर्ण बॅटरीएवढा वापर) किती झाल्या ते दिसतं. अ‍ॅपलच्या अलीकडच्या लॅपटॉपना १००० सायकलची मर्यादा दिलेली आहे. पण हे नीट ऐका: माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर तब्येत ‘नॉर्मल’च दिसत होती. ट्रॅकपॅड आणि स्क्रीनवरचं अक्षर यांचं जमलं नाही तर ट्रॅकपॅडवर विश्वास ठेवा.

पायरी ५: बॅटरी फुगली असेल तर

इथे घाई करू नका आणि चालढकलही करू नका.

लॅपटॉप बंदच ठेवा. चार्जर लावू नका, "फक्त एक मेल पाठवायचाय" म्हणूनही नाही. झाकण बसत नसेल तर जोर लावून बसवू नका. वर काही ठेवू नका. पाकिटाला टाचणी टोचून हवा काढायची कल्पना कुणी दिली तर त्या माणसाला लॅपटॉपजवळ येऊ देऊ नका, कारण टोचलेलं पाकीट तिथल्या तिथे पेट घेऊ शकतं. फ्रीजमध्येही ठेवू नका. पलंग, पडदे, कागदपत्रं यांपासून लांब, कोरड्या फरशीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही असा ठेवा. धूर किंवा फुसफुस आवाज आला तर उचलून बाहेर न्यायच्या भानगडीत न पडता सगळ्यांना घेऊन खोलीबाहेर पडा, दार ओढून घ्या आणि १०१ ला फोन करा. तो धूर विषारी असतो.

"पण माझा डेटा?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि तो रास्त आहे. बॅटरी फुगल्याने साठवलेल्या फायली पुसल्या जात नाहीत. बॅटरी सोडवल्यावर बरेच लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालू होतात, तेव्हा दुरुस्तीवाल्याकडेच बॅकअप घेता येतो. त्यासाठी फुगलेली बॅटरी घेऊन रात्रभर कॉपी करत बसायची गरज नाही.

आता सर्व्हिस सेंटर. स्वतः रिक्षाने, गाडीने किंवा चालत नेऊन द्या. कुरिअरने पाठवू नका, विमानाने तर नाहीच. बिघडलेली किंवा कंपनीने परत मागवलेली लिथियम बॅटरी विमानात न्यायला मनाई आहे. जून २०१९ मध्ये अ‍ॅपलने १५ इंची मॅकबुक प्रोचे काही लॅपटॉप, २०१५ च्या मधलं मॉडेल, बॅटरी जास्त तापण्याच्या भीतीने परत मागवले. त्यानंतर ऑगस्टमध्ये आपल्या डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, प्रवाशांना सांगितलं की तो लॅपटॉप बॅटरी बदलून घेईपर्यंत विमानात आणू नका. त्याआधी २०१८ मध्ये १३ इंची, टच बार नसलेल्या मॅकबुक प्रोच्या काही लॅपटॉपसाठी बॅटरी फुगू शकते म्हणून मोफत बदलून देण्याची योजना निघाली होती. म्हणून पैसे मोजण्याआधी तुमच्या कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून अशी काही योजना तुमच्या मॉडेलला आहे का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

काउंटरवर काय बोलता हे महत्त्वाचं आहे. "वाकलाय" म्हणालात की जॉबशीटवर ‘फिजिकल डॅमेज’ लिहिलं जातं, आणि तसं लिहिलं गेलं की वॉरंटीचं बोलणंच संपतं. कारण सांगू नका, जे दिसतं ते सांगा: "ट्रॅकपॅड वर आलाय, पुढच्या शिवणीत फट आहे, बॅटरी फुगल्याची शंका आहे, लॅपटॉप पडलेला नाही." पडला असेल तर तेही खरं सांगा. हेच शब्द जॉबशीटवर लिहून घ्या आणि तारखांसकट काढलेले फोटो दाखवा. ऐकूनच घेत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

वॉरंटी संपली असेल तर बाहेरचा चांगला दुरुस्तीवाला चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, बऱ्याच लोकांची पावलं तिकडेच वळतात. फक्त बॅटरी बसवण्याआधी हातात घेऊन लेबल वाचा. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लेबलवर हवा. कुठलंच नाव-गाव नसलेली स्वस्त बॅटरी घेऊ नका, वर्षाभराने पुन्हा इथेच यावं लागेल. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी डिंकाने चिकटवलेली असते आणि ती धातूच्या पट्टीने उचकटताना पाकीट फाटण्याचा धोका असतो, म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याने हे काम घरी करू नये. जुनी बॅटरी घरी आणू नका, कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी करून द्यावी लागते, आणि परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

पायरी ६: बाहेरच्या जोराने वाकला असेल तर

गुडघ्यावर ठेवून सरळ करू नका. पत्रा उसळतो, त्यामुळे सरळ व्हायला त्याला हवं त्यापेक्षा जास्त वाकवावं लागतं, आणि त्या वेळी आतला मदरबोर्डही बरोबर वाकतो. त्यावरच्या चिपखाली डिंकाचे ठिपके वाटावेत इतके बारीक कथिलाचे सांधे असतात. ते तडकले की लॅपटॉप त्याच दिवशी नाही, तर महिन्याभराने, कारण न कळता बंद पडायला लागतो. झाकण वाकलं असेल तर स्क्रीनची काच आधी जाते.

झाकण बसतं, कळा चालतात, स्क्रीनवर डाग नाही, फट वाढत नाही, तर तो तसाच वापरा. डुलणं थांबवायला हार्डवेअरच्या दुकानात कपाटाच्या दारांना लावायची पारदर्शक रबरी बटणं मिळतात. कागदाचे थर मोजलेच आहेत, तेवढ्या उंचीचं बटण आखूड पायावर चिकटवा. पण आधी बॅटरीची शंका पूर्ण फिटू द्या, नाहीतर बटण लावून तुम्ही लक्षण झाकाल.

बिजागरी जड झाली असेल तर मात्र थांबू नका. प्रत्येक वेळी उघडताना ती झाकणाचा कोपरा ओढते, आणि शेवटी स्क्रू धरून ठेवणारी जागाच निखळते. बिजागरी सैल करून घेणं स्वस्तात होतं, स्क्रीनसकट झाकण बदलणं नाही.

पायरी ७: पुढे वाकू नये म्हणून

झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नका, मधोमध धरा. उघडा लॅपटॉप एका हाताने कोपऱ्याला धरून इकडून तिकडे नेणं हा पिळा द्यायचा हमखास मार्ग आहे.

दप्तरात लॅपटॉपच्या पोटाला स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली टेकू देऊ नका. लोकलच्या गर्दीत दप्तर पोटाशी धरलं की मागच्याचा सगळा रेटा त्या डब्याच्या कडेवरून एका जागी पत्र्यावर येतो. डबा वेगळ्या कप्प्यात, आणि मध्ये एखादी वही किंवा पुठ्ठा असू द्या. बाइकवर मागे बांधलेल्या दप्तराचंही तेच, रबरी दोरीचा ताण नेमका कुठे पडतो ते बघून बांधा.

टेबलावरच वापरत असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. लेनोवोच्या ‘व्हँटेज’मध्ये कन्झर्वेशन मोड आहे, आसूसच्या ‘मायआसूस’मध्ये बॅटरी केअर, डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ही सोय बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) मिळते. मॅकवर ‘ऑप्टिमाइझ्ड बॅटरी चार्जिंग’ निदान सुरू ठेवा.

उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. अ‍ॅपल आपल्या लॅपटॉपच्या वापरासाठी १० ते ३५ अंश तापमान सांगतं. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला सावलीतला पाराच ४५ ओलांडतो, मग काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं काय सांगावं. महिनाभर वापरायचा नसेल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवून, बंद करून, कपाटाच्या थंड कप्प्यात ठेवा. काठोकाठ भरून नाही आणि पूर्ण रिकामी करूनही नाही.

बहिणीच्या लॅपटॉपला नवी बॅटरी बसवल्यावर दुरुस्तीवाल्याने तळाचा पत्रा नुसता वर ठेवला, तो जोर न लावता जागेवर बसला. ट्रॅकपॅड पुन्हा टिक वाजायला लागला. घरी येऊन आम्ही तो ओट्यावर ठेवला. डाव्या पुढच्या पायाखाली अजून दोन कागद जात होते, तेवढा बाक पत्र्यात राहूनच गेला. ती आता दर महिन्याच्या १ तारखेला कागद घालून बघते आणि मला फक्त आकडा पाठवते: "ताई, दोनच."